सुधाकरचा नाच आणि माझी चप्पल

सख्ख्या धाकट्या भावाच्या, सुधाकरच्या नाकाला मी भर वरातीत चप्पल लावली होती. ही गोष्ट सांगायचं मी आजवर टाळलं. सत्तरी उलटल्यावर एका इंग्रजी सिनेमानं गाठलं.

परभणीच्या घरी नात रेवा टीव्हीवर सिनेमा बघत होती. काळा-पांढरा. (मला वाटलं, टीव्ही बिघडला!) इंग्लंडातला जुना रॉक बँड आणि त्याचा उदास गायक. डोळे मिटून, कोपरं झटकत तो असा नाचत होता, की मी ओरडलो, "अगं, हा तर आपला सुधाकर!"

"आबा, सुधाआजोबा गंगाखेडला आहेत. हा तरुणपणीच गेला."

"पण नाचतो कसा बघ!"

"त्याला फिट यायची. कधी कधी स्टेजवरच. लोकांना तो नाचच वाटायचा, टाळ्या वाजवायचे."

माझी चहाची बशी ओठाशीच थांबली. माझ्या हातून नेमकं उलटं झालं होतं.

आमच्या तरुणपणी गंगाखेडला चुलतभावाची वरात होती. बँड रंगात आला आणि आमचा लाजरा सुधाकर डोळे मिटून, कोपरं झटकत नाचू लागला. मी बोंबललो, "फिट आली!" चौघांनी त्याला आडवा पाडला. मी पायातली चप्पल काढून त्याच्या नाकाला लावली.

"दादा, काय करायलास? मी नाचायलोय!"

"बरळायलाय! घट्ट दाबा रे!"

कुणीतरी कांदाही फोडून आणला. शेवटी सुधाकर गप्प झाला. "मोठा भाऊ होता म्हणून वाचला," लोक म्हणाले, आणि मांडवात मला टॉवेल-टोपीचा आहेर झाला! आता मानाची टोपी डोक्यावर असताना 'तो नाचतच होता' हे कोण सांगणार? नाही सांगितलं. वरातीत सुधाकरसाठी बघितलेल्या मुलीचे मामा होते. सोयरीक मोडली. पुढं दुसरीकडं जमली. पण स्वतःच्या वरातीतही तो घोड्यावर पुतळ्यासारखा बसून राहिला. परत कधी नाचलाच नाही.

त्या गायकाची फिट लोकांनी नाच समजून पाहिली, माझ्या भावाचा नाच मी फिट समजून दाबला. दोघांकडंही नीट बघितलं नाही कुणी.

दुसऱ्या दिवशी रेवाचा टॅब घेऊन मी गंगाखेडच्या एसटीत बसलो. वाटभर एकच वाक्य घोकलं: 'सुधाकर, चुकलं माझं.' ओसरीवर बसून त्याला सिनेमा दाखवला.

"दादा, हा तर लय माझ्यासारखा नाचायलाय!"

सुधाकर उठला. डोळे मिटले. कोपरं झटकू लागली.

"सुधाकर..." मी म्हणालो. पुढचं येईना. आणि हात दारातल्या चपलेकडं कधी गेला, खरंच सांगतो, कळलं नाही!

त्यानं एक डोळा किलकिला केला. "दादा, चप्पल खाली ठेव. मी नाचायलोय."

ठेवली. वाक्य तेवढं राहून गेलं.