सोमवारचं मौन

त्या दिवशी घरात मी, माझी सून प्राजक्ता आणि नात इरा, तिघीच होतो. मुलगा संदीप शिफ्टला गेलेला. मागून आली ती शेजारची मार्गारेट. ऑस्ट्रेलियात, ब्लॅकटाउनला आमचं घर आहे, तिथली ही गोष्ट.

हे गेले तेव्हापासून सोमवारी माझं मौन असतं, महादेवाचं. दाढ आधीपासूनच ठणकत होती. लवंग धरली, मिठाचा शेक घेतला, कुणाला बोलले नाही. पोरं राबतात, त्यांना कशाला घोर. त्या सोमवारी उठले तर तोंडच उघडेना. हनुवटीखाली लाकडासारखं कडक झालेलं. तीर्थ घेतलं, ते ओठांतून परत पदरावर सांडलं. थंडीचा मफलर गुंडाळलेला, म्हणून सूज कुणाला दिसली नाही. सुनेच्या दारात गळ्याला हात लावून उभी राहिले. तिची कॉम्प्युटरवर मीटिंग चाललेली. म्हणाली, "आई, आज मौन ना तुमचं? उद्या बोलू हं." तिची काय चूक? मौनात मला बोलतं करायचं नाही, हे मीच शिकवलेलं. इरा हसली, "आजी इज ऑन सायलेंट मोड!"

खुर्चीत बसून राहिले. आडवं झालं की श्वास अडायचा. लाळही गिळवेना. देवाला मनात म्हटलं, तुझ्यासाठी तोंड मिटलं, आता कायमचंच मिटवतोस का? परक्या मुलखात, भरल्या घरात, कुणाला न कळता जायचं, एवढंच वाटलं. रडूही आलं नाही.

तेवढ्यात मार्गारेट तिच्या झाडाची लिंबं घेऊन आली. मला काहीबाही विचारत राहिली. इराने सांगितलं, आजी बोलणार नाही. पण तिला मौन काय ठाऊक! माझ्या ओठांतून लाळ गळताना पाहून तिने मफलर खाली ओढला आणि इराला ओरडलीच, "शी कान्ट स्वॅलो, लव्ह! गेट युअर मम!" हिला गिळवत नाही, आईला बोलाव.

हॉस्पिटलात गळा चिरून पू काढला, कुजलेली दाढ काढली. दाढेचा पू गळ्यात उतरलेला, अजून उशीर झाला असता तर श्वासच कोंडला असता, असं डॉक्टर म्हणाले. नळ्या घालून पडले होते तेव्हाही, खरं सांगते, ने रे बाबा, हेच म्हणत होते. आवाज घोगरा झाला तो झालाच. आरती म्हणवत नाही आता.

ज्यांना माझं व्रत ठाऊक, त्यांनी ते पाळलं. जिला ठाऊक नव्हतं, तिच्या हातून महादेवाने ते मोडलं. का, ते विचारत नाही. त्याच्या पायाशी ठेवलं. मार्गारेटच्या हातांवर डोकं टेकलं तर म्हणते, "नो वरीज."

वाचणाऱ्याला एकच सांगणं. घरातलं म्हातारं माणूस गप्प असलं, तर त्याला घोटभर पाणी द्या, आणि गिळतंय का तेवढं उभं राहून बघा.