पंखाकाकांचा पुरावा

ज्या माणसाने तुम्हाला पुरावा मागायला शिकवलं, त्याच्याच विरुद्धचा पुरावा एके दिवशी तुमच्या हाती लागला, तर तुम्ही काय कराल?

मी काय केलं ते सांगते. पण आधी पंखाकाका कोण ते सांगायला हवं.

पंखाकाका कशालाही आधी हाताची मागची बाजू लावून बघायचे. चहाचा कप, टीव्हीची पाठ, पार्किंगमधल्या गाडीचं बॉनेट, माझं कपाळ. रास अल खैमाच्या एका टाइल्सच्या कारखान्यात भट्ट्यांची देखभाल हे त्यांचं काम. "तळव्याला घट्टे पडतात, तो खोटं बोलतो," ते म्हणायचे. "मागची कातडी खरं सांगते." जगातल्या निम्म्या बिघाडांचं मूळ उष्णतेत असतं, असं त्यांचं ठाम मत होतं, म्हणून कुठेही गेले की एखादा छोटा पंखा बसवून यायचे. नाव त्यावरूनच पडलं.

ते आणि बाबा ठाण्याच्या एका कंपनीतले. युनियनची पत्रकं बाबा लिहायचे आणि काका रस्त्यांवरच्या भिंतींना खळ लावून ती चिकटवायचे. कंपनी बंद पडली, दोघे आखातात आले. इथे पत्रक वाटायची सोय नव्हती, म्हणून बाबा ट्रंकेतली जुनी पत्रकं जेवताना आम्हाला वाचून दाखवायचे. कारण विचारल्याशिवाय काहीही मान्य करू नका. बंदी हे मालकाचं हत्यार आहे. मी इंग्लिशमध्ये बोलायचे, पण भांडायचे मात्र त्या पत्रकांच्या मराठीत. काका हसायचे. बाबांना ते सेक्रेटरी म्हणत, मला इन्स्पेक्टर.

त्यांचं कुटुंब कुडाळला. त्यामुळे दर शुक्रवारी ते शारजाला आमच्याकडे जेवायला यायचे. माझा कॉम्प्युटर त्यांनीच सुटे भाग आणून जोडला. खास खेळांसाठी, चांगलं ग्राफिक्स कार्ड टाकून. मी त्यावर शहर वसवायचा खेळ खेळायचे. माझ्या शहरात कामगारांची घरं समुद्राकाठी होती आणि मालकांचे बंगले सांडपाण्याच्या प्लांटजवळ. बाबांनी ते सगळ्या मित्रांना बोलावून दाखवलं होतं.

एप्रिलमध्ये माझी दहावी सुरू झाली. त्याच सुमाराला एका शुक्रवारी काकांनी आत साचलेली वाळू साफ करायला म्हणून मशीन उघडलं. त्यानंतर ते हँग व्हायला लागलं. कधीही. शहरातली बस चौकात उभीच्या उभी, माउस मेलेला, आणि स्पीकरमधून एकच सूर अडकल्यासारखा. बटण दाबून बंद करायचं, पुन्हा चालू करायचं. तोवर सेव्ह न केलेलं अर्धं शहर गेलेलं असायचं. गंमत म्हणजे शाळेचा प्रोजेक्ट टाइप करताना असं कधी झालं नाही.

आमचा तपास महिनोन्‌महिने चालला. जमिनीवर वर्तमानपत्र पसरून काका एकेक भाग त्यावर मांडायचे. "एका वेळी एकच बदल, इन्स्पेक्टर. दोन केलेस तर गुन्हेगार सुटला." एका शुक्रवारी रॅम बदलली, पुढच्या शुक्रवारी कार्ड. मग पॉवर सप्लाय, मग विंडोज पुसून नवीन टाकलं. आठवडाभर मी बघायचे, हँग झालं की फोन करायचे. "छान," ते म्हणायचे. "आणखी एक निर्दोष सुटला." एकाच गोष्टीला हात लावायची मनाई होती. प्रोसेसरवर बसवलेला धातूचा ठोकळा आणि त्याचा पंखा. "ते मी बघितलंय. तिथे चुकीचा दाब पडला की खलास."

दुबईतल्या ऊद मेथाच्या शाळेतून जाम झालेल्या रस्त्याने परत येताना बसमध्ये मी याच विचारात असायचे. इतकं लक्ष देऊन मला कुणीच कधी काही शिकवलं नव्हतं. हे मी रागात लिहीत असले तरी खरं आहे.

असंच एकदा काकांसमोर मशीन अडकलं, तेव्हा आई हॉलमध्ये इस्त्री करत होती. काकांनी क्षणभर तिच्याकडे बघितलं आणि म्हणाले, "वहिनी, इस्त्रीने व्होल्टेज पडत असेल." आईने लगेच प्लग काढला. तेव्हापासून माझे आणि बाबांचे कपडे ती पहाटे उठून इस्त्री करायला लागली. नंतर तिला आवरून ऑफिसला जायचं असायचं. मशीन तरीही अडकतच होतं, पण तिला "आता दिवसा करा" असं सांगायला कुणी गेलं नाही. काका एरवी "असेल" असं कधीच म्हणायचे नाहीत.

हिवाळ्यात ते रजेवर कुडाळला गेले. मी वर्तमानपत्र पसरलं आणि त्यांच्याच पद्धतीने विचार केला. सगळं बदलून झालं होतं. जड खेळ खेळला की अडकतं, टाइप करताना नाही. जड काम म्हणजे उष्णता. उष्णतेच्या या माणसाने नेमका उष्णता बाहेर टाकणारा भागच सोडून दिला होता. आईला मी टॉर्च धरायला सांगितलं आणि ठोकळ्याची क्लिप काढली.

प्रोसेसर आणि ठोकळा यांच्यामध्ये पारदर्शक कागदाचा एक छोटा चौकोन होता. कडा कात्रीने नीट कापलेल्या. एका बाजूला बारीक सोनेरी पट्टी.

"हे सिगरेटच्या पाकिटाचं वेष्टन आहे," आई म्हणाली.

आमच्या घरात कुणी सिगरेट ओढत नव्हतं. शुक्रवारी जेवण झालं की खाली पार्किंगमध्ये जाऊन कोण ओढायचं, ते दोघींनाही माहीत होतं. उष्णता बाहेर पडू नये इतपतच तो कागद होता. बिघाड कसला, ते भट्टीवाल्याचं अचूक काम होतं.

मी कागद काढला, सगळं पुन्हा बसवलं, शहर चालू केलं. आईने इस्त्री आणून मुद्दाम त्याच बोर्डाला लावली आणि ढीगभर कपडे इस्त्री केले. एकाही चौकात बस थांबली नाही.

काका परत आले, कुडाळचे काजू घेऊन. मी वर्तमानपत्र पसरलं आणि मधोमध तो चौकोन ठेवला. ते खाली बसले. सवयीने त्याला हाताची मागची बाजू लावली, आणि मग त्यांच्या चेहऱ्यावर जे आलं ते मी अजून विसरलेले नाही. त्यांना आनंद झाला होता.

"कसं शोधलंस?" त्यांनी विचारलं.

"तुम्ही का घातलंत?" मी म्हणाले.

उत्तर बाबांनी दिलं. "मी सांगितलं होतं त्याला. दहावीचं वर्ष आहे तुझं."

"मग नको खेळू म्हणायचं."

"म्हटलं असतं, तर तू मलाच माझी पत्रकं वाचून दाखवली असतीस."

म्हणजे बंदी घालायची नव्हती, आणि खेळूही द्यायचं नव्हतं. तत्त्व शाबूत राहायला हवं होतं आणि मुलगी अभ्यासाला बसायला हवी होती. त्यासाठी एका मित्राने दुसऱ्या मित्राच्या मुलीला कारण शोधायला शिकवायचं, आणि ते सापडणार नाही याची काळजीही त्यानेच घ्यायची.

"सेक्रेटरीला नाही म्हणता आलं नाही गं," काका म्हणाले. "पण शिकवलं ते खोटं नव्हतं, इन्स्पेक्टर."

तेवढ्यात आई स्वयंपाकघरातून आली. आवाज अजिबात न चढवता ती म्हणाली, "भाऊजी, मी पहाटे उठून इस्त्री करत होते."

बाबा खिडकीतून बाहेर बघत राहिले. आईला दोघांनीही सांगितलं नव्हतं, तिच्या कष्टांचा हिशेब त्यांच्या कटात कुठे धरलेलाच नव्हता. मालकांविरुद्ध आयुष्यभर लिहिणाऱ्याच्या घरातली गोष्ट आहे ही.

त्यानंतरही काका शुक्रवारी येत राहिले. आई वाढायची, मी जेवून उठून जायचे. पुढच्या वर्षी त्यांची नोकरी गेली आणि ते कायमचे निघाले. निरोप घ्यायला आले तेव्हा माझ्या खोलीच्या दारात थांबले. मग आत येऊन कॉम्प्युटरच्या कॅबिनेटला हाताची मागची बाजू लावली. "थंड आहे," म्हणाले. टेबलावर आपला स्क्रू ड्रायव्हर ठेवला आणि जरा वेळ उभे राहिले. त्यांना अजून ते ऐकायचं होतं, मी कसं शोधलं ते. मी सांगितलं नाही.

आता ते नाहीत. आजही काही बिघडलं की मी आधी हाताची मागची बाजू लावते आणि एका वेळी एकच बदल करते. हे त्यांचंच, ते मी नाकारणार नाही. पण मला कुणी मन लावून काही शिकवायला बसलं, की हा नेमकं काय झाकतोय, हे मी आधी बघते. हेही त्यांचंच.

म्हणून तुमच्याकडे एक मागणं आहे. घरातल्या कुणाच्या वाटेत तुम्ही असा एखादा पारदर्शक कागद सरकवून ठेवला असेल, मायेने, त्याच्या भल्यासाठी, तर आज संध्याकाळी तो काढा. त्या माणसाला समोर बसवा आणि त्याने शोधून काढायच्या आधी तुम्ही सांगा. नको असेल तर तोंडावर नको म्हणा. भांडण होईल, ते होऊ द्या. आणि तुमच्यामुळे घरात पहाटे कोण उठतंय, तेही एकदा बघून या.