जत्रेला गेलेला माणूस

आमचं गाव धरणाच्या पाण्यात गेलं तेव्हा आम्ही वर डोंगराच्या उतारावर राहायला गेलो. कारवीच्या कुडाची खोप, वर गवत. भाताची खाचरं पाण्याखाली आणि वाट्याला नुसता मुरूम. वडलांनी त्या मुरमात नाचणी पेरली, ती वीतभर वाढून पिवळी पडली. आई गवताचे भारे डोक्यावर घेऊन पानशेतला, धरणावरच्या वसाहतीत विकायला जायची आणि येताना मीठमिरची आणायची. घरात वरीची पेज असायची, तीही रोज नव्हे. मी तेव्हा तिसरीत होतो. भूक लागली असं सांगायची आमच्याकडं पद्धत नव्हती, कारण ते सगळ्यांना माहीतच असायचं.

वडील आमच्या गावचे काठीवाले होते. आमच्या मुलखात चैत्र-वैशाखात देवाच्या जत्रेला गावोगावच्या काठ्या जातात. काठी म्हणजे घराच्या आढ्यापेक्षा उंच बांबू, त्याला रंगीत कापड गुंडाळलेलं, टोकाला निशाण. कमरेला बांधलेल्या धडप्याच्या झोळण्यात तिचा बुडखा टेकवायचा आणि हात सोडून ती नाचवायची. हा मान एकाच घराचा असतो, आमच्या गावात तो आमचा होता. वडलांच्या कमरेवर, डाव्या अंगाला, त्या बुडख्याचा घट्टा होता. लहानपणी मी त्याच्यावर बोटानं टकटक करायचो.

पाणी आलं त्याच्या पुढच्या चैत्रात वडील काठी घेऊन जत्रेला गेले. काठ्यांची ओळ लावणाऱ्या मानकऱ्यानं विचारलं, "कुठल्या गावची?" वडलांनी नाव सांगितलं. तो म्हणाला, "ते गाव ऱ्हायलंय कुठं? गावाबिगर काठी कशी लावू ओळीत?" वडील काठी आडवी खांद्यावर घेऊन परत आले. आडवी काठी कुणी आणत नाही. मयताचा बांबू तेवढा आडवा नेतात.

त्याच्या पुढच्या चैत्रात ते सकाळी उठले, तोंड धुतलं आणि आईला म्हणाले, "जत्रंला जाऊन येतो." काठी वळचणीलाच होती. ते परत आले नाहीत.

भाऊकीनं पहिली दोन वर्षं शोधलं, मग थट्टा सुरू केली. घाटाखाली बाई ठेवली असेल, असं बायकाच बोलायच्या, आईला ऐकू जाईल अशा बेतानं. आई कुंकू लावत राहिली. पण ती सवाष्ण की कोण, हे कुणाला ठरवता येईना. हळदीला बोलावत नसत. बोलावलं तर ओटी भरताना हात अडखळायचा. विधवाही कुणी म्हणत नसे. अशी ती मधल्यामध्ये लोंबकळत राहिली, आणि मी शिकत राहिलो. भोरच्या बोर्डिंगात दुसऱ्यांची ताटं घासून मॅट्रिक झालो आणि पुण्यात एका छापखान्यात रात्रपाळी करून बी.ए. झालो. पाण्याखाली गेलेल्या त्या गावातला पहिला पदवीधर मी. हे मी मिरवून सांगतो. फुकट मिळालेलं नाही.

ऑक्टोबरच्या परीक्षेचा निकाल घेऊन शिमग्याला घरी आलो ते दुष्काळाचं वर्ष होतं. थोरले चुलते ओट्यावर येऊन बसले.

"सायेब झालास. आता बापाचं उरकून टाक."

"काय उरकू, तात्या?"

"बारा वरसं भरत आली. पुतळा जाळाय नको?"

आमच्याकडं माणूस बारा वर्षं परतला नाही की पळसाच्या पानांचा पुतळा करतात. डोक्याच्या जागी नारळ ठेवतात. त्याला अग्नी द्यायचा, दहावं-तेरावं करायचं आणि बाईचं कुंकू पुसायचं. आई आत नाचणी निवडत होती. तिचा हात थांबला, एवढंच मला दिसलं.

मी म्हणालो, "मी शोधून आणतो आबांना."

"शिकल्याली मानसं मेल्याली उठिवत्यात व्हय?"

"पावसाळ्यापर्यंत थांबा."

"थांबतो," चुलते म्हणाले. "तुझ्या बी.ए.ला मान म्हणून."

माझा हिशेब सरळ होता. काठीवाला माणूस काठ्या जमतात तिथंच दिसणार. तेव्हा जत्रा धुंडायच्या. माझ्याजवळ त्यांचा फोटो नव्हता. उंची, उजव्या भुवईवरची खोक आणि कमरेचा घट्टा, एवढ्यावर विचारायचं.

कापूरहोळला एसटीतून उतरलो आणि फाट्यावरच्या हॉटेलापासून सुरुवात केली. हॉटेलवाला म्हणाला, "घट्टा बघाय मी काय लोकांची धोतरं सोडतो व्हय?" बाकावरची माणसं हसली. मीही हसलो. पुढं पुढं हसू येईना.

जत्रेला एकट्यानं जाऊ नये, हे मला त्या दोन महिन्यांत कळलं. लोक बैलगाडी भरून येतात, चूल मांडतात, नवस फेडतात. पँट-शर्टातला एकटा माणूस, ज्याच्याबरोबर बाई नाही, बोकड नाही, नारळ नाही, तो तिथं कशाला आला असेल? भोंगवलीच्या बाजूला एका जत्रेत मी गड्यांच्या घोळक्याजवळ जाऊन "बाबा, जरा कमरेचं बघायचं होतं" असं म्हणालो, तर सगळे उठूनच गेले. एक म्हातारा तेवढा बसून राहिला. म्हणाला, "माजं आता काय कापतोस? माजं वय झालं." मला ते नसबंदीवाला समजले होते.

भोरच्या धर्मशाळेत राखणदारानं वही पुढं केली. नाव, गाव, येण्याचं कारण. गाव या रकान्यापाशी माझी लेखणी अडली. पाण्याखालच्या गावाचं नाव लिहावं की उताराचं, ज्याला नावच नाही? राखणदार म्हणाला, "गाव न्हाई का तुमाला? मग व्हरांड्यात पडा." मी बी.ए. असल्याचं सांगितलं. तो म्हणाला, "मग चांगल्या बाजूला पडा."

भाटघरच्या सरकारी बंगल्यावर एकदा वळवाच्या पावसात अडकलो. चौकीदारानं दारातूनच विचारलं, "कुठल्या खात्याचं सायेब?" कुठल्याच नाही म्हटल्यावर त्यानं फाटक लावून घेतलं. मी फाटकाबाहेर जांभळीखाली उभा राहिलो. त्यानं माझ्या तोंडावर फाटक लावलं, त्याचा मला राग नाही आला. मला वाटलं, आबा अशा किती फाटकांपाशी उभे राहिले असतील. तोवर मला त्यांचा रागच होता, तो तिथं थोडा गळाला. त्यानं बरं वाटलं नाही. राग होता तेव्हा पाय तरी उचलत होते.

काठ्या पाहिल्या, पुष्कळ पाहिल्या. प्रत्येक काठीखालच्या माणसाच्या तोंडाकडं बघत गेलो. कोण माझ्याएवढा, कोण माझ्याहून लहान. दुष्काळानं जत्रा रोडावल्या होत्या, देवाला पाणी घालायलाही टँकरची वाट बघत होते. देवळांच्या ओवऱ्यांत झोपलो. कुठं गुरवानं भाकरी दिली, कुठं चोर म्हणून उठवलं. वैशाख संपला. काठ्यांच्या जत्रा संपल्या. आता कुठं जायचं ते मला माहीत नव्हतं, आणि घरी जायचं धाडस नव्हतं.

म्हणून मी वेल्ह्याकडं गेलो, शोधायला नव्हे, दिवस काढायला. वेल्ह्याच्या पलीकडं घाटमाथ्याजवळ एक लहान देऊळ आहे. तिथं जत्रा भरत नाही, काठी येत नाही. पाच-सहा घरांची वाडी आणि एक म्हातारा गुरव. मी पाणी मागितलं. सवयीनंच विचारलं, भुवईवर खोक असलेला, उंच माणूस.

गुरवानं तांब्या खाली ठेवला. "तुमी कोन त्यांचं?"

"मुलगा."

तो म्हणाला, "हुते हितं. सात-आठ वरसं हुते. देऊळ झाडायचे, गुरं राखायचे. बोलनं कमी. गाव इचारलं की बोट करायचे, असं, त्या डोंगराकडं. आमी म्हनायचो, तिकडं तर धरन हाय."

त्यानं दाखवलेली दिशा मी बघितली. धरण तिथून दिसत नाही, मध्ये डोंगर आहे. पण बोट बरोबर आमच्या गावावर होतं. आमचा उतार तिथून एका दिवसाची पायवाट.

"काठी नाचवायचे का कधी?"

"काठी? एकदा पोरांनी खेळाय बांबू उबा केला, तर ते रानात निगून गेले. दोन दिस आलं न्हाईत."

मी जिथं काठ्या येतात तिथं हिंडलो. त्यांनी राहायला जागा शोधली होती ती जिथं काठी येत नाही अशी. एवढं मला, त्यांच्या मुलाला, सुचायला हवं होतं.

"आता कुठं आहेत?"

"गेल्या सालच्या आदल्या सरावनात गेले. तापानं. पाऊस लई, लाकडं वली. देवळाच्या पडवीचे जुने वासे काडले."

"अग्नी कुणी दिला?"

"म्याच दिला. राग मानू नगा. कुनीतरी द्याय पायजेच हुता." मग म्हणाला, "आंघूळ घातली तवा कमरंला घट्टा दिसला. आमाला वाटलं, वज्याचा मानूस, हमाल असंल."

त्याच्या बायकोनं मला भाकरी वाढली. मी खाल्ली. त्या श्रावणात मी पुण्यात छापखान्यात दुसऱ्यांच्या लग्नपत्रिकांचे खिळे जुळवत होतो.

डोंगर चढून, उतरून मी पायी घरी निघालो. वाटेत एक वाक्य तयार केलं. आबा भेटले, गोसावी झालेत, येत नाही म्हणाले. एवढ्यावर पुतळा टळला असता आणि आईचं कुंकू राहिलं असतं. मी त्यासाठीच तर निघालो होतो. वाक्य चांगलं होतं. मी ते दोन-तीनदा मोठ्यानं म्हणून पाहिलं.

आई दारात गवताचा भारा सोडत होती. मी म्हणालो, "आबा सापडले."

तिनं लगेच विचारलं, "पायाची भेग भरली का त्यांची?"

खोटं एकदा बोलून भागणार नव्हतं. ती उद्या विचारणार, काय खातात. परवा विचारणार, पांघरायला आहे का. मग म्हणणार, मला ने. मी खाली बसलो आणि गुरवानं सांगितलं ते सगळं सांगितलं. वासे काढल्याचंही सांगितलं.

तिनं पदराचं टोक घेतलं आणि कुणी बाई यायच्या आत स्वतःच कपाळ पुसलं. मग राहिलेला भारा सोडला.

चुलते म्हणाले, "चला, पुतळ्याचं काम वाचलं." त्यांना वाईट बोलायचं नव्हतं. त्यांचा स्वभावच तसा होता. दहावं आम्ही धरणाच्या काठी केलं. तेव्हापासून आईला हळदीला बोलवायचं की नाही, हा कुणापुढंच प्रश्न राहिला नाही. ज्या कुंकवासाठी मी दोन महिने वणवण केली, ते मीच माझ्या पायांनी घरी येऊन पुसलं. मी गेलोच नसतो तरी ते पुसलं गेलं असतं, असं लोक मला समजावतात. खरं असेल. मला त्याचा उपयोग होत नाही.

पुढं पावसाळ्यात मी वेल्ह्याच्या कचेरीत गेलो. धरणग्रस्तांच्या यादीत वडलांच्या नावापुढं 'परागंदा' असं लिहिलेलं होतं. गुरवाचा आणि वाडीतल्या दोघांचा जबाब घेतला, अर्ज लिहिला. आमच्या घरातला हा पहिला अर्ज, जो कुणा दुसऱ्याकडून लिहून घेतलेला नाही. तीन खेपा झाल्या. चौथ्या खेपेला तलाठ्यानं 'परागंदा' खोडून तिथं 'मयत' लिहिलं.