थंडीतही गरमी असते

मेश्राम बाई कुठलंही यंत्र आधी मागच्या बाजूने पाहायच्या. फ्रिज असो, टीव्ही असो, मागे तळहात धरायचा, डोळे मिटायचे आणि विचारायचं, "आता हे इथं गरम काऊन लागून राहिलं?" उत्तर मिळेपर्यंत समोरच्याची सुटका नसे.

कुडवा गावातल्या मुलींच्या वसतिगृहाच्या त्या रेक्टर. मी लातूरकडची, सातवीत शाळा सुटलेली. नवऱ्यामागे सडक अर्जुनीपर्यंत आले. तो ट्रकवर गेला तो परतलाच नाही. काम शोधत कुडव्याला आले, तेव्हा बाईंनी मला ठेवून घेतलं ते आंघोळीच्या पाण्याचा बंब पेटवायला. बंब होता म्हणून मी होते, असंच मला वाटे.

मग वसतिगृह चालवणाऱ्या संस्थेने पाणी तापवायला हीट पंप आणला. भिंतीबाहेर पंख्याची पेटी, शेजारी टाकी. बसवायला आलेल्या मिस्त्रीला बाईंनी चहा दिला आणि धरून ठेवलं.

"जाळ कुठं आहे याच्यात?"

"जाळ नाही मॅडम. फ्रिज आतली गरमी मागे फेकतो ना? हा बाहेरच्या हवेतली गरमी खेचून पाण्यात टाकतो. बिजली फक्त खेचायला लागते. याच जातीची मशीन खोलीपण गरम करते, उलटी चालवली की थंड."

"अन् थंडीत? तेव्हा हवेत गरमी कुठून आणशीन?"

"थंडीतपण असते मॅडम. कमी असते, पण असते."

बाई दिवसभर त्यावरच. जेवताना म्हणाल्या, "थंडीतबी गरमी असते म्हणते, सुमन. आपल्याले समजत नाही फक्त." मी मान हलवली. माझं लक्ष परसात आडव्या पाडलेल्या बंबाकडे होतं.

कडाका पडला तशी बाईंनी पेटीला चहूबाजूंनी पोती बांधली. त्या चिचगड गावच्या, तिकडे थंडीत वासराच्या अंगावर पोतं घालतात. दोन दिवसांत पाणी कोमट, मग गार. मुली म्हणाल्या, "बाई, आता मशीनले अंगाई म्हणा." संस्थेचे सचिव आले, वैतागले. "सुमन, उद्यापासून बंबच पेटव." मी बंब घासला, लाकडं रचली. मला बरं वाटत होतं.

सकाळी बाई पोत्यावर तळहात धरून उभ्या दिसल्या. हवा लागत नव्हती. "अवो, मीच याचं नाक दाबून ठेवलं," म्हणत त्यांनी भराभर पोती सोडली. दुपारी पाणी चटके देऊ लागलं. त्यांनी सचिवांना फोन लावला. "मशीन चांगली आहे. अक्कल माही गेली होती." पलीकडून काहीतरी विचारलं गेलं. मी दारातच होते. बाई म्हणाल्या, "सुमन इथंच राहते. मी बंब नव्हता ठेवला, माणूस ठेवला होता."

मे महिन्यात त्यांनी पेटीतून निघणारी, गरमी काढून घेतलेली गार हवा पत्र्याच्या नळीने स्वयंपाकघरात घेतली. "वाया कायले जाऊ द्याची?" चुलीपाशी आता मी होते; पुढे जाळ, पाठीवर गारवा.

बाईंच्या निवृत्तीच्या दिवशी नव्या रेक्टरनी विचारलं, "हे मशीन कोण पाहतं?"

"सुमन पाहते. तिले विचारा."

मी घाबरत सगळं सांगितलं: गरमी कुठून येते, कुठे जाते, पोतं का बांधायचं नाही. अडखळले की बाईंकडे पाहायचे. त्यांनी एका शब्दाचीही मदत केली नाही. माझं सांगून झालं, तशा ऑटोत बसल्या.