वाळूचं औषध आणि बाकीचे उपाय

आमच्या प्ले थेरपीच्या, म्हणजे खेळातून मुलांवर उपचार करायच्या, खोलीत संध्याकाळी खेळणी आवरताना एखादा तरी किस्सा हाती लागतोच. कोल्हापूर तसं लहान, त्यामुळं नावं सांगत नाही. किस्से तेवढे ऐका.

राधानगरीकडचे एक आजोबा नातीला घेऊन आले. घरातल्या भांडणांमुळं ती झोपेत दचकून उठायची. मी तिला वाळूच्या ट्रेपाशी बसवलं. आजोबा थोडा वेळ बघत राहिले.

"मॅडम, औषध कधी चालू करणार?"

"चालू झालंय की."

पुढच्या आठवड्यात ते पिशवीभर नदीची वाळू घेऊन हजर. म्हणाले, "तुमची लई भरड हाय. गुण कसा येणार?"

*

बिद्रीच्या साखर कारखान्यातले एक सुपरवायझर. त्यांची सहा वर्षांची मुलगी सारखी चिडायची. मी त्यांना सांगितलं, दहा मिनिटं ती म्हणेल तसं खेळायचं, ऑर्डर सोडायची नाही. मुलीनं भातुकली मांडली. मिनिटभरात हे सुरू, "कप सरळ धर. ताटली हिकडं ठेव."

मुलगी उठली. तिनं खेळण्यातला फोन कानाला लावला.

"हॅलो, कारखाना व्हय? आमच्या पप्पांना ड्युटीवर बोलवून घ्या."

पुढच्या वेळी आल्या आल्या पप्पांनी तिला विचारलं, "मी कुठं बसू?"

*

ऑपरेशननंतर सुईला घाबरणारी एक पाच वर्षांची मुलगी. तिनं चार आठवडे मलाच इंजेक्शनं दिली. पाचव्या आठवड्यात माझ्या छातीला स्टेथोस्कोप लावला आणि म्हणाली, "बऱ्या झालाय तुम्ही. आता येऊ नका."

*

जोतिबावर नारळ-पेढ्यांचं दुकान असलेल्या घरातली एक मुलगी. घरी भरपूर बोलायची, पण परक्यांसमोर तोंडातून शब्द नाही. शाळेत दोन वर्षं गप्प. आई म्हणाली, "मॅडम, आता शाळेवालेबी कटाळल्यात."

मी आईला एवढंच सांगितलं की तिच्या वतीनं उत्तर द्यायचं नाही, नुसतं बसायचं. तीन महिने मुलगी न बोलता दुकान मांडायची. चेंडूंचे नारळ, ठोकळ्यांचे पेढे, वाटीत गुलाबी कागदाचा गुलाल.

एकदा फोन आला म्हणून मी बाहेर गेले आणि गडबडीत चपला घालूनच परत आत आले. मुलीनं वर बघितलं.

"या पावणं. चपला इथं सोडा."

मी चपला सोडल्या. आई भिंतीशी अनवाणी बसली होती. ती डोळे पुसत उठली, बाहेर जाऊन स्वतःच्या चपला घालून आली आणि दुकानापुढं सोडल्या.

"एक नारळ द्या, मालकीण."