अरबी समुद्राचं पातेलं

आमच्या शाळेतल्या समाजशास्त्राच्या सरांइतका हुशार आणि इतका बिनकामाचा माणूस अख्ख्या सोलापुरात दुसरा सापडायचा नाही. बिनकामाचा हे माझं म्हणणं नाही, शाळेचं आहे. हुशार हे माझं म्हणणं आहे. शाळा म्हणजे शुक्रवार पेठेतल्या बोळातली दोन मजली इमारत. तिथे मी मुलांची खिचडी शिजवते. माझ्या पत्र्याच्या खोलीची एक भिंत सातवीच्या वर्गाला लागून आहे आणि त्या भिंतीत बिनदाराची खिडकी आहे. माझ्या फोडणीचा ठसका वर्गात जायचा आणि त्यांचा इतिहास माझ्याकडे यायचा. माझं स्वतःचं शिक्षण चौथीला संपलं, सातवीचा वर्ग मला मिळाला तो असा, तांदूळ निवडता निवडता.

सर दिसायला अगदी साधे. शर्टाच्या खिशात पेनाऐवजी खडू, त्यामुळे छातीवर कायम पांढरा डाग. वयाने माझ्यापेक्षा मोठे, तरी सगळ्यांसारखे मला मावशीच म्हणत. मी मान खाली घालून हूं म्हणायची, त्यापलीकडे आमचं बोलणं नव्हतं. पण वर्गात शिरले की त्यांच्या अंगात भलतंच वारं संचारायचं. नाक पुसता न येणाऱ्या पोरांना ते 'नागरिकहो' म्हणायचे. "नागरिकहो, खाली बसा. नागरिक क्रमांक बारा, शेजारच्याच्या डब्यातला हात काढा." नवीन मुलं पहिल्या दिवशी मागे वळून बघायची, कुणी मोठी माणसं आलीत की काय म्हणून. त्या पहिल्या दिवशी सर सांगायचे, "या तासाला तीन गोष्टी मिळतील. थोडा गोंधळ, थोडं ऊन आणि घरी गेल्यावर बोलणी." तिन्ही मिळायच्या.

पाऊस शिकवायचा तर सर सगळी दप्तरं वर्गाच्या मधोमध एकावर एक रचायचे, आणि म्हणायचे, हा सह्याद्री. मग एका बाजूने तांब्यातलं पाणी ओतायचे. त्या बाजूची दप्तरं चिंब. "हे कोकण," सर म्हणायचे. "आता सोलापूर कुठं?" पोरं ओरडायची, "सर, जिथलं दप्तर कोरडं ऱ्हायलंय तितं!" दुसऱ्या दिवशी कोकणातल्या पोरांच्या आया ओल्या वह्या घेऊन भांडायला यायच्या. सर हात जोडून उभे राहायचे आणि म्हणायचे, "ताई, चूक माझी. पण तुमच्या मुलाला पर्जन्यछाया विचारून बघा." आई पोराला विचारायची, पोरगं घडाघडा सांगायचं, आणि ती आणखी चिडायची, कारण आता भांडायला काही उरायचं नाही.

माझी भांडी तर त्यांना जीव की प्राण. खिडकीतून हात यायचा. "मावशी, मोठं पातेलं द्या, आज अरबी समुद्र आहे." समुद्र झाला की स्वतः नळावर घासून आणून द्यायचे, आणि तेही उलटं घासलेलं, आतून चकचकीत, बाहेरून काळं. लोकसंख्या शिकवायच्या दिवशी मूठभर तांदूळ न्यायचे. फरशीवर खडूने महाराष्ट्र काढायचा, मुंबईवर तांदळाचा ढीग आणि गडचिरोलीवर चार दाणे. तास संपला की तांदूळ वेचून परत. मी ते पाखडून, धुऊन पातेल्यात टाकायची. मुंबई आणि गडचिरोली एकाच खिचडीत शिजायची आणि पोरं दोन्ही खाऊन हात धुवायची.

एकदा वर्गाचा मॉनिटर निवडायचा होता. सरांनी खरी निवडणूक घेतली, पुठ्ठ्याची पेटी, बोटाला शाई, सगळं. एका पोराने सगळ्यांना चॉकलेट देतो म्हणून सांगितलं आणि निवडून आला. चॉकलेट काही दिलं नाही. पोरं रडत सरांकडे. "सर, त्यानं फशिवलं आमाला. त्याला काडून टाका." सर म्हणाले, "पुस्तकात बघा, मधेच काढता येतं का." पोरांनी पुस्तक उलटंपालटं केलं. "न्हाई लिव्हलेलं, सर." "मग आता?" "आता वर्षभर सोसायचं?" सर म्हणाले, "आता वर्षभर लक्षात ठेवायचं." मी भिंतीपलीकडे एकटीच हसले. मतदानाचं खरं काम निघालं की सरांनाच त्या कामावर पाठवायचे, घरोघरी याद्या घेऊन. त्यामुळे निवडणुकीचा धडा बहुतेक वर्षी अर्धाच राहायचा. लोकशाहीची इतकी कामं होती की लोकशाही शिकवायला माणूस उरत नव्हता.

पण सगळ्यात वेड्यासारखी होती त्यांची हजेरी. त्यांच्या वर्गात 'हजर सर' म्हटलेलं चालायचं नाही. नाव पुकारलं की येताना रस्त्यात काय बघितलं ते एका वाक्यात सांगायचं. "सर, सात रस्त्याला सिग्नल बंद हुता आन् पोलीस च्या पीत हुता." "सर, आमच्या बोळात पाणी आलं, बाया घागरी घेऊन भांडत हुत्या." "कोण जिंकलं?" सर विचारायचे. "ज्यांच्या नळाला मोटार हाय, ते." सर फळ्याकडे वळायचे. "नागरिकहो, पाण्याचा धडा झाला. पुढचा काढा." आणि कुणी काहीच बघितलं नाही म्हणालं, तर सर म्हणायचे, "मग तू अजून आलेला नाहीस. फाटकापर्यंत जाऊन परत ये."

त्यात एक दिवस श्रावणीचा नंबर लागला. श्रावणी म्हणजे पद्मशाली विणकरांच्या घरातली बारीक मुलगी. तिचे वडील अक्कलकोट रोडला मागावर कामाला, आई घरी टॉवेलच्या कडा शिवते, आणि ही शाळेला यायच्या आधी आईला हातभार लावून येते. वर्गात तिचे डोळे झोपेने मिटलेलेच असायचे. तिचं नाव पुकारलं. "सर, काय बी न्हाई बघितलं." "फाटक," सर म्हणाले. श्रावणी गेली. आली ती डोळे टक्क उघडे ठेवून. "सर, शिपाईमामा हेडसरांची गाडी धुतायत. पाइप आपल्या प्यायच्या टाकीला लावलाय." ती थांबली नाही. "आन् टाकीत पाणी न्हाई म्हणून आमाला घरनं बाटली आणाय सांगितलंय की, सर. आमच्यात तर पाच दिस झालं नळ आला न्हाई."

सर हळू म्हणाले, "श्रावणी हजर."

पुढचं सरांनी केलं नाही, पोरांनी केलं. हे मी कानाने ऐकलं आहे. सभा कशी घ्यायची हे त्याच आठवड्यात शिकवलेलं होतं, पोरांनी मधल्या सुट्टीत सभा घेतली. एक म्हणाला गाडीवर चिखल टाकू, दुसरी म्हणाली पाइप कापू. श्रावणी म्हणाली, "सर म्हणत्यात, आधी इचारायचं. नाव सांगून इचारायचं." मग पाच जण ऑफिसात गेले, आपापलं नाव सांगितलं आणि हेडसरांना एकच प्रश्न विचारला, "सर, टाकीतलं पाणी आधी कुणाचं?" हेडसर हसले म्हणे. शाब्बास म्हणाले. पाठीवर थाप मारली आणि शनिवारी पालकांची सभा लावली.

ती सभा सातवीच्याच वर्गात भरली. संस्थेचे अध्यक्ष सरांच्या खुर्चीवर बसले, पालक बाकांवर गुडघे दुमडून, सर भिंतीला टेकून उभे. पाण्याचं नाव कुणी काढलं नाही. हेडसर म्हणाले, वर्गात राजकारण शिकवलं जातंय. एक बाप उठला. "माजं पोरगं जेवताना इचारतंय, पप्पा तुमी मत कशाबद्दल दिलं? आमी पोरं शिकाय धाडतो का इचाराय?" सगळे हसले. श्रावणीच्या आईला उभं केलं, ती पदराचं टोक चावत म्हणाली, "चुकलं तिचं. ल्हान हाय." तेव्हा सर भिंतीपासून पुढे आले. "तिचं काही चुकलं नाही. प्रश्न मी विचारायला सांगितला." ते खरं नव्हतं. त्यांनी ते अंगावर घेतलं.

अध्यक्ष म्हणाले, "पण या तासाला नक्की चालतं काय? बाहेरचं कुणी सांगेल का?" हेडसरांनी खिडकीकडे बोट केलं. "आमच्या मावशी रोज ऐकतात की. या, मावशी, घाबरू नका."

मी चार माणसांत कधी बोललेली नाही. घरीसुद्धा पाहुणे आले की मी आतच असते. पण त्या दिवशी मला वाटलं, आपल्याला कुणी विचारतंय, आणि सांगण्यासारखं आपल्याकडे भरपूर आहे. हात पुसत मी आत गेले आणि बोलत सुटले. "सर लई चांगलं शिकवत्यात. पुस्तकातलं भायेर काढून दाखवत्यात. आता समुद्र म्हणलं तर पोरांनी कुटं बघायचा? सर माजं मोठं पातेलं नेत्यात, त्याचा समुद्र करत्यात."

"पातेलं? पोषण आहाराचं?" अध्यक्षांनी विचारलं.

"व्हय. घासून देत्यात परत."

कोपऱ्यात बसलेल्या शाळेच्या क्लार्कने पेन उचललं. मला वाटलं, सरांचं कौतुक लिहून घेतायत. मग मी आणखी सांगितलं. मुंबईचा ढीग सांगितला, गडचिरोलीचे चार दाणे सांगितले. "तांदूळ सरकारी का?" "सरकारीच की, दुसरा कुटला असणार?" मी हसून म्हणाले. "फरशीवर टाकलेला तांदूळ मुलांना शिजवून घातलात?" "धुऊन घातला," मी म्हणाले, पण तोवर हेडसर अध्यक्षांकडे बघून मान हलवत होते, आणि पालकांतून कुणीतरी च्च केलं. मी सरांकडे बघितलं. ते माझ्याकडे बघून हसत होते, एखादं पोरगं पहिल्यांदा उभं राहून उत्तर देतं तेव्हा हसायचे तसे. जाताना खिडकीशी थांबून म्हणाले, "मावशी, तुमच्याइतकं नीट माझा तास कुणी सांगितला नव्हता."

मी खरं सांगितलं आणि त्याबद्दल मला वाईट वाटत नाही. मला राग येतो तो दुसऱ्याच गोष्टीचा. गाडी धुतलेल्या पाण्याचं एक अक्षर कुठे लिहिलं गेलं नाही आणि मूठभर तांदळाचं लिहिलं गेलं. सरकारी धान्याचा गैरवापर, असं कागदावर आलं. सरांची बदली संस्थेच्या अक्कलकोटकडच्या शाळेत झाली. निवृत्तीला थोडीच वर्षं राहिलेला माणूस, रोज पहाटे उठून एस.टी. धरू लागला. गाडी अजून धुतली जाते. शिपाई आता ती मागच्या बाजूला नेतो, एवढाच फरक. मला मात्र ताकीद मिळाली, भांडी कुणाला द्यायची नाहीत.

त्यांच्या जागी आता गणिताच्या बाई समाजशास्त्र घेतात. त्यांचाही दोष नाही, त्यांच्यावर हा विषय वरून पडला आहे. त्या फळ्यावर प्रश्न लिहितात, खाली उत्तर लिहितात, पोरं दोन्ही उतरवून घेतात. परवाच्या चाचणीत श्रावणीला चांगले मार्क पडले. प्रश्न होता, नागरिकांची कर्तव्ये लिहा. तिने सगळी लिहिली. तिची आई मला आनंदाने सांगत होती, आता कशी शहाणी झाली म्हणून. मी बरं म्हणाले.

मागच्या आठवड्यात सकाळी लवकर सात रस्त्याला काही कामाला गेले होते, तिथे सर भेटले. एस.टी.ची वाट बघत होते, वाळले होते. मला बघून इतके खूश झाले की शेजारचा माणूस वळून बघायला लागला. तिथली मुलं घरी कन्नड बोलतात म्हणाले. "मी त्यांच्याकडून शिकतोय, मावशी. माझं कन्नड ऐकून बाकावरून खाली पडतात हसून. हसतायत तोवर बरं चाललंय." मग विचारलं, "आणि आपली सातवी?"

"चांगली हाय, सर," मी म्हणाले. त्यांना बरं वाटावं म्हणून पुढे म्हणाले, "आता वर्ग लई शांत असतो."

दुसरा कुठलाही शिक्षक खूश झाला असता. सरांनी विचारलं, "शांत म्हणजे किती शांत?"

तेवढ्यात गाडी आली, कंडक्टर ओरडायला लागला. सर चढले. गाडी जवळजवळ रिकामी होती. मला खिडक्यांतून दिसत होतं, ते मधल्या वाटेत दांडा धरून, सगळ्या रिकाम्या बाकांकडे तोंड करून उभेच राहिले. गाडी वळली तरी बसले नव्हते.