तीन नंबरवरचा गजर

१९९३ साली परभणीच्या एका पूरनियंत्रण कक्षात चार प्रोसेसरांचा संगणक होता. एका दावणीला चार बैल म्हणा ना! पूर आला की त्यातला एक बाकीच्या कामांतून सोडवून नुसत्या पुराच्या गणिताला जुंपायचा. पण त्यासाठी अख्खं यंत्र बंद करून पुन्हा सुरू करावं लागे. तो संगणक सांभाळणारा चंद्रभान म्हणायचा, "मी चालत्या गाडीत करून दाखवतो." आणि गड्यानं केलंही.

ऑगस्टातल्या एका दुपारी त्यानं हुकूम दिला आणि तीन नंबरचा प्रोसेसर वेगळा झाला. बाहेरचं काम येईना, यंत्राच्या आतल्या घड्याळाची टिकटिकसुद्धा त्याला अडवीना. साहेबांनी पाठ थोपटली. पठ्ठ्या हवेतच!

चार वाजता नदीची पातळी मोजणारा लिंबाजी फोनवर ओरडला, "सायेब, पाणी तुमच्या वस्तीत शिरायलंय! भोंगा का वाजंना?"

पडद्यावर पातळीचा आकडा दुपारचाच होता. दर पंधरा मिनिटांनी पातळी बघून भोंगा वाजवायचा गजर तीन नंबरवरच लावलेला. टिकटिक थांबली, गजरही थांबला. बैल सोडताना पाठीवरची गोणी दुसऱ्यावर टाकायची असते, एवढं शेतमजुराच्या पोराला कळू नये? त्यानं हातानंच भोंग्याची कळ दाबली आणि जीप काढली. पूर्णेकाठच्या त्या बौद्धवस्तीत त्याची माय राहत होती.

माणसं शाळेच्या गच्चीवर होती, सगळी जिवंत. शेरडं गेली होती. त्याची माय चांगुणाबाई छातीपर्यंत भिजलेली.

"माय, पाणी दिसत होतं ना? उठली का न्हाईस?"

"समदे उठायलेच व्हते. म्याच आडवलं." ती कुडकुडत म्हणाली, "अठ्ठ्याहत्तरला नामांतराच्या दंग्यात आपली घरं जाळली तवा कुणी सांगाया आलं न्हवतं. म्हनलं, आता सांगणारा माझा लेक हाय. भोंगा वाजल्याबिगर कुणी हलू नका."

सबंध वस्ती तिनं त्याच्या भरवशावर पाण्यात बसवून ठेवली होती.

दुसऱ्याच दिवशी त्यानं दुरुस्ती केली. प्रोसेसर वेगळा काढण्याआधी त्याच्यावरचे सगळे गजर बाकीच्या तिघांकडे जाऊ लागले. वीसदा तपासलं, एकदाही चुकलं नाही. आठवड्यानं माय भेटायला आली.

"झालं का रं नीट?"

"झालं, माय."

"मग फुडच्या बारीला लोकांला काय सांगू? भोंग्याची वाट बघा म्हनू?"

'हो' त्याच्या अगदी ओठावर आलं होतं.

"पाणी दिसलं की उठव," तो म्हणाला. "माझी वाट बघू नको."